तीन नद्यांच्या गावी

पिट्सबर्ग म्हणजे धुराचे गाव, असे आम्ही शाळेत घोकले होते. प्रत्यक्षात धूर औषधालाही दिसला नाही! पोलादाच्या बहुतेक भट्ट्या १९८० च्या दशकातच विझल्या. डोंगराला टेकवलेल्या शिडीवरून चढणारी १८७० सालची गाडी मात्र अजून चालते. वरून ॲलेगनी आणि मोनोंगहेला मिळून ओहायो होताना दिसते. मला कऱ्हाडचा प्रीतिसंगम आठवला.

आता गावाची प्रतिष्ठा इस्पितळांवर आहे. साल्क यांनी पोलिओची लस इथल्याच विद्यापीठात तयार केली. ती गुणकारी ठरल्याचे १९५५ साली जाहीर झाले. त्याच विद्यापीठात योराम वोडोवोट्झ आणि त्यांचे सहकारी शरीरातला दाह संगणकावर मांडतात. माझा भाचा तिथे शिकतो.

"मामा, गळू झालं की लाली, सूज, ऊन आणि ठणका, हाच दाह," तो म्हणाला. "पेशी म्हणजे सारीपाटावरच्या सोंगट्या समजा. निरोप आला की तिकडे सरकायचं, जंतू दिसला की गिळायचा, आणखी निरोप धाडायचे. एवढे नियम देऊन हजारो सोंगट्या सोडायच्या आणि बघत बसायचं. पहारेकरी वेळेवर थांबले तर जखम भरते. नाहीतर तेच घर पेटवतात."

इथवर मी नुसत्या माना डोलावत होतो. पण २००८ साली निकोल ली आणि वोडोवोट्झ प्रभृतींनी स्वरतंतूंवर केलेले काम त्याने सांगितले, आणि मी सावरून बसलो. मोठ्याने बोलायला लावून काही जणांचे स्वरतंतू दुखावले. मग कोणाला मौन, कोणाला नेहमीचे बोलणे, कोणाला गुंजनासारखा सौम्य व्यायाम. घशातल्या स्रावातले दाहाचे निरोप मोजून ज्याचे आकडे त्याच्याच पटावर भरले, आणि उद्या काय होईल ते संगणकाला विचारले.

माझी थोरली बहीण, म्हणजे याची मावशी, चाळीस वर्षे पुण्यात गाण्याच्या शिकवण्या करते. वर्षभर तिचा गळा बसला आहे. एक डॉक्टर म्हणतात मौन धरा, दुसरे म्हणतात हलका रियाज करा. शिकवण्या बंद, तंबोरा खोळीत.

"मग ताईचा पट मांडता येईल?"

"अजून नाही, मामा. हे मूठभर माणसांवरचं काम आहे. शिवाय मावशीचं दुखणं जुनं. तो पट निराळा."

उत्तर आवडले नाही. पोराने फुगवून सांगितले नाही, हे आवडले.

रात्री फोन लावला तेव्हा पुण्यात सकाळ झाली होती. मी सगळी हकीकत सांगितली. पलीकडून नुसते "हं" आले. तिचा मौनाचा दिवस होता.