शाळेचा ताळेबंद

२०१७ साली महाराष्ट्र शासनाने १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करून विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळेची योजना पुढे आली. शासनाचा युक्तिवाद निराधार नाही: अशा शाळेत एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतो, मुलांना सवंगडीही मिळत नाहीत. परंतु शिक्षणहक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. ओढ्यापलीकडची शाळा पावसाळ्यात सहा वर्षांच्या मुलीसाठी बंदच असते. तोट्यातील दुकान मिटले, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. या मुलीला दुसरे दुकान नाही. म्हणून प्रथम वाहनाची लेखी हमी, मगच कुलूप, हाच सचोटीचा हिशेब होय.