फी एकाची, पेशंट दुसरा

पुणे,
१४ जून

चि. मुक्ता,


तुझं पत्र पोचलं, आणि त्याच्या आधी तुझ्या आईचा फोन. ‘एवढं इंजिनिअरिंग करून शेवटी कुत्र्यांची मास्तरीण’ हे तिचं दुःख. तिची समजूत मी काढीन. कोर्स कोणता करू, फी किती लावू आणि कार्डावर काय छापू, असं तू विचारलं आहेस. कार्डाचं सोपं आहे. काहीही छाप, कोणी अडवणार नाही. जनावरावर औषधोपचार करायचे तर १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी लागते. त्याच्या वागण्यावर सल्ला द्यायला मात्र आपल्याकडे कसलाच परवाना लागत नाही. ब्रिटनमध्ये या कामातल्या लोकांनी १९८९ साली आपली संघटना उभी केली आणि पशुवैद्याने पाठवलेल्या केसेस घ्यायची पद्धत पाडली. आपल्याकडे ही शिस्त तुझी तूच लावून घ्यायची.

फीचं नंतर. या कामातली खरी गोम ही, की फी एक जण देतो आणि पेशंट दुसराच असतो. बालरोगतज्ज्ञाचंही तसंच असतं, पण मूल बरं व्हावं अशी निदान आईची इच्छा असते. तुझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना कुत्रं बरं नको असेल, गप्प हवं असेल. आणि गप्प करणं अवघड नाही.

गेल्या वर्षी बाणेरहून एक जोडपं आलं होतं. दोघांच्या नोकऱ्या, अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि त्यात बीगल. माळरानावर कळपाने सशाचा माग काढायला आणि माग लागला की दूरवर ऐकू जाईल असं ओरडायला माणसाने जी जात पिढ्यान्‌पिढ्या घडवली, ती आपण दीड खोलीत कोंडतो आणि मग तिच्या आवाजाची तक्रार करतो. असो. तर हा दिवसभर विव्हळायचा, सोसायटीची नोटीस आलेली, चपलांचा भुगा झालेला. ‘आम्ही जातो म्हणून सूड उगवतो. आणि आम्ही आलो की त्याचा चेहराच सांगतो, की आपलं चुकलंय हे त्याला कळतं.’

हा चेहरा तुला प्रत्येक घरात दाखवतील. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या न्यूयॉर्कच्या संशोधक बाईंनी २००९ साली त्याचीच परीक्षा घेतली. खाऊ खायचा नाही असं बजावून मालक खोलीबाहेर जायचा. आत काय घडलं हे त्याला कधी खरं सांगायचे, कधी खोटं. कान पाडणं, नजर चुकवणं, अंग चोरणं हे सगळं खाऊ खाल्ला की नाही यावर ठरत नव्हतं; मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. खाऊला तोंडही न लावलेली कुत्री ओरडा बसला की तितकीच ‘ओशाळी’ दिसत. आपल्याला जो पश्चात्ताप वाटतो, ती भीती असते.

मी त्यांना घरात मोबाइल लावून ठेवायला सांगितला. दार बंद झालं की कुत्रं धापा टाकायला लागायचं, लाळ गळायची, दाराची चौकट नखांनी ओरबाडायचं. सूड उगवणारं जनावर असं दिसत नाही. हा एकटेपणाचा थरकाप होता. भुंकलं की गळ्याला विजेचा झटका देणारा पट्टा त्यांनी ऑनलाइन मागवूनही ठेवला होता. ‘याने थांबेल ना?’ थांबेल की! १९६७ साली पेनसिल्व्हेनियात सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांना चुकवता न येणारे झटके दिले. नंतर बुटकी भिंत ओलांडली की सुटका, अशी सोय केली तरी त्यातली बरीचशी कुत्री जागची हलली नाहीत. पडून राहिली, सोसत राहिली. बाहेरून बघणाऱ्याला किती शांत कुत्रं! आतला थरकाप तसाच, फक्त शेजाऱ्यांना ऐकू येत नाही. वेल्सने असले पट्टे २०१० साली बंद केले. इथे पट्टा हवा असलेला कोणी आला तर तू काय करशील, हे कोर्सची फी भरण्याआधी ठरवून ठेव.

उपाय कंटाळवाणा असतो. कुत्रं घाबरायच्या आत परत यायचं. आधी काही सेकंद, मग मिनिट, मग थोडं अधिक. आणि हे चालू असताना त्याला खरोखर एकटं सोडायचं नाही. गरज पडली तर पशुवैद्याकडून औषध. त्या दोघांना हे जमण्यासारखं नव्हतं, आणि त्यात त्यांचा दुष्टपणा काही नव्हता. मी म्हटलं, मग ज्या घरात दिवसभर कोणीतरी असतं असं घर याच्यासाठी शोधा. नवरा ताडकन उठला. कुत्रं आता साताऱ्याला त्याच्या आईवडिलांकडे असतं असं तिसऱ्याच माणसाकडून कळलं. फी अजून यायची आहे.

‘तो स्वतःला घरचा कारभारी समजतो, त्याला वचक हवा’ हेही ऐकशील. ही समजूत लांडग्यांवरून आली. शेंकेल यांनी १९४७ साली बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं टिपली; डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती कल्पना घरोघरी पोचवली. पुढे मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ साली मेक यांनीच लिहिलं, की कळप म्हणजे आईबाप आणि पोरं, गादीसाठीचं भांडण नव्हे. पण कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरणारे ‘ट्रेनर’ अजून त्यावरच पोट भरतात.

गुरगुरल्याबद्दल मारू नका, हे तर लोकांना पटतच नाही. गुरगुरणं ही सूचना असते. ती मारून बंद केली की कुत्रं पुढच्या वेळी सूचना न देता चावतं, आणि मग सगळे म्हणतात, अचानक चावलं. तोंडात धरलेली वस्तू हिसकावण्याचंही तेच. नामदेवांच्या गोष्टीत कुत्रं पोळी घेऊन पळतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. मला ती गोष्ट फार आवडते. पण नामदेवांची क्षमा मागून सांगते, कुत्र्याला तूप दिसत नाही, मागे लागलेला माणूस दिसतो. रोज कोणी असं मागे लागलं की ते एक तर गिळून टाकायला शिकतं नाही तर दात दाखवायला. पाठलाग न करता लांबूनच काहीतरी अधिक चविष्ट टाकायचं. तोंडातलं आपोआप सुटतं.

कायदाही वाचून ठेव. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलं म्हणून १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही, तर अकराव्या कलमाखाली तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्यात साखळीही येत नाही. तरी कलम दाखव. रकमेपेक्षा ‘गुन्हा’ या शब्दाने लोक दचकतात. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यात पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख आहे: भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, आणि आपल्या जातीला साजेसं वागण्याची मोकळीक. मूळ कल्पना ब्रिटनमधल्या गोठ्यांसाठी नेमलेल्या १९६५च्या ब्रॅम्बेल समितीची. शर्यती पुढे कायदा बदलून परत सुरू झाल्या, पण ही पाच कलमं तुझ्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर असू देत. घरात शिरलीस की त्यातलं काय कमी पडतंय ते आधी बघ, तक्रार नंतर ऐक.

आता फी. पहिल्या भेटीची आगाऊ घे, सगळी. घेतलेली फी हातात असली की खरं बोलायला जड जात नाही.

शनिवारी माझ्याबरोबर सदाशिव पेठेत चल. तिथल्या बाईंचं म्हणणं, बोका सुनेच्या ऑफिसच्या बॅगेवर मुद्दाम मुततो. सून नवी आहे, त्यामुळे घरात बोक्यापेक्षा मोठं राजकारण चालू असणार. ते ऐकून घे, मत देऊ नकोस. पण त्याआधी, आजच बाईंना फोन कर आणि विचार, बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसून जोर करतो का, लघवी थेंबथेंब होते का, की होतच नाही. बोक्यांची मूत्रनळी तुंबली तर दोन दिवसांत जीव जातो. तसं काही असेल तर शनिवारची वाट बघायला सांगू नकोस, रिक्षात घालून लगेच दवाखान्यात ने म्हणावं.

तुझी,
मावशी