एका लुगड्याच्या दोन वाकळा

शिलाईच्या दुकानात पुरुषाने किती वेळ बसावे याविषयी काही शिष्टसंमत नियम असल्यास तो आम्हांस ठाऊक नाही. माप द्यावे, पावती घ्यावी आणि चालू लागावे, हीच आमची आजवरची रीत. परंतु गेल्या वर्षी श्रावणात कोल्हापुरातील शुक्रवार पेठेच्या एका बोळातील दुकानात आम्ही चार दुपारी बसून काढल्या. त्या बसण्याची हकीकत आमच्या मोठेपणात भर घालणारी नाही. तथापि ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुकान लहानसे. रस्त्याच्या अंगाला दोन शिवणयंत्रे आहेत. आयझॅक सिंगर याने १८५१ साली अमेरिकेत ज्याचे पेटंट घेतले, त्या यंत्राचीच ही नातवंडे. त्यांच्यावर दोन मुली दिवसभर परकर, पोलकी आणि साड्यांचे फॉल यांत गुंतलेल्या असतात. आतल्या बाजूस चटई अंथरून मालकीणबाई वाकळा शिवतात. त्यांना सारी पेठ आक्का म्हणते. इतरत्र जिला गोधडी म्हणतात, तिला आमच्या भागात वाकळ म्हणतात. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर एक मळकट रेघ आहे. ती २०१९ च्या ऑगस्टातील पंचगंगेच्या महापुराची. तिच्या शेजारची रेघ २०२१ च्या जुलैतील. पूर ओसरल्यावर लोकांनी प्रथम वाळत घातल्या त्या वाकळाच, असे आक्का सांगतात. भिजलेली वाकळ दोन माणसांस उचलत नाही.

आम्ही तेथे गेलो ते आमच्या आईचे लुगडे घेऊन. हिरवे, इचलकरंजीचे नऊवारी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी त्या गावी पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे तेथील लुगडी घरोघरी पोहोचली; त्यांपैकीच हे एक. आई दर नवरात्रात ते नेसत असे. ती गेली तेव्हा दागिन्यांची वाटणी एका शब्दाची खळखळ न होता पार पडली. अडले ते या लुगड्यावर. आमची धाकटी बहीण म्हणाली, आईचे वस्त्र लेकीचे. आम्ही म्हणालो, ट्रंक आमच्या घरी आहे. एवढ्या दोन वाक्यांवर पुढचे बोलणे खुंटले. भाऊबीज आली आणि गेली. सांगलीची गाडी काही आम्ही धरली नाही. अखेरीस आमच्या मनाने एक तोड काढली, की लुगड्याची गुपचूप वाकळ शिवून घ्यावी. कात्रीने केलेल्या निवाड्यावर अपील चालत नाही, हे आम्ही वकिली न शिकताही जाणून होतो.

आक्कांनी लुगडे उलगडले आणि उजेडात धरले. घडीच्या रेघांवर ते विरले होते. दोन ठिकाणी आरपार दिसत होते.

“ट्रंकंत किती दीस ठिवलं हुतं?” त्यांनी विचारले.

“दोन वर्षे. एकदाही हात लावला नाही,” आम्ही अभिमानाने सांगितले.

“म्हणूनच. कापाड एकाच घडीवर ऱ्हायलं की तितंच मोडतंय. घडी तरी बदलायची हुती, काका.”

मग त्यांनी ते हाताने मोजले. एका मोठ्या वाकळेची एक बाजू साडेचार वारांत होते. दोन तुकडे उभे जोडले, की दोघांना पुरेल एवढी रुंदी निघते. “निम्मं ऱ्हातंय. त्येचं काय करू?” त्या म्हणाल्या, “उशीच्या खोळी करू, का पायपुसणी?”

त्या बाईंच्या प्रश्नात वाकडे काहीही नव्हते; सर्व गिऱ्हाइकांस त्या हेच विचारीत असणार. परंतु आम्हांस उत्तर सुचेना. “उद्या सांगतो,” असे म्हणून आम्ही तेथेच बसून राहिलो, आणि दुसऱ्या दुपारी काही न सांगताच पुन्हा जाऊन बसलो.

त्या दोन दुपारी आम्ही वाकळेचे काम प्रथमच नीट पाहिले. सर्वांत धडके कापड खाली अंथरतात. त्यावर जुनी धोतरे, चादरी, परकर असे विरलेले थर येतात. वर शोभेचे कापड. हाताने सुरकुत्या काढून कोपऱ्यांवर वजने ठेवतात, लांब कच्चे टाके घालतात, आणि मग कडेपासून आत आत धावदोरा चालू होतो. यंत्रावर हे काम का होत नाही, असे आम्ही विचारले. जुने मऊ कापड चारपाच पदरी झाले, की यंत्राखाली एक थर पुढे सरतो, एक मागे राहतो, आणि चुण्या पडतात. हाताला मात्र प्रत्येक थर कळतो. सर्वांत जीर्ण कापड मध्येच का, यावर आक्कांचे उत्तर व्यवहाराचे होते: “वर घातलं तर पंधरा दिसांत फाटंल. मधी टिकतंय.”

ही विद्या काही एकट्या कोल्हापूरची नव्हे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी हे याच कुळातले प्रकार. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या कोपऱ्यांवर रंगीत त्रिकोणी घड्या शिवून त्यांस फुले म्हणतात. आता या वस्तू प्रदर्शनांत मांडतात आणि प्रेक्षक त्यांचे कौतुक करतात. तथापि एका वाकळेस आक्कांचे पंधरावीस दिवस जातात, आणि मजुरी ऐकून गिऱ्हाईक म्हणते, “कापड तर आमचंच आहे की!” आम्ही स्वतः पहिल्या दिवशी हेच म्हणणार होतो.

तिसऱ्या दुपारी आम्ही दुकानाच्या पायरीवरूनच बहिणीला फोन केला. चौथ्या दुपारी ती आली. काखेत बोचके होते.

“दादा, बाबांची दोन धोतरं आणलीत,” ती म्हणाली. “मधे घालायला.”

“ये, बस,” एवढेच आम्हांस बोलता आले.

लुगड्याचे दोन भाग ठरले, धोतरे एकेक वाटली गेली. उरला प्रश्न पदराचा; पदर एकच. आम्ही दोघेही गप्प झालो. आक्कांनी फार वाट पाहिली नाही. पदराचे टोक त्यांनी बहिणीकडे सारले आणि म्हणाल्या, “तुमच्याकडं ट्रंक हुती, काका. पदर ताईस्नी.” त्या क्षणी आम्हांस किंचित लागले, हे आम्ही लपवीत नाही. पण कात्री चालली, आणि तिचा आवाज आम्ही भ्यालो होतो तेवढा कठोर निघाला नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला आम्ही सांगलीस गेलो. औक्षण झाले, जेवण झाले. रात्री पांघरावयास काय मिळाले, हे सांगणे नलगे.

आमच्या वाट्याची वाकळ घरी रोज वापरात आहे. विरलेल्या घडीवर आक्कांनी आतून ठिगळ लावले आहे. बोट फिरविले की ते जाडसर लागते. नातवाने ओढून ओढून कडेचे चार टाके उसवले आहेत. ते घालून आणावयास उद्या पुन्हा त्या बोळात जावयाचे आहे. या खेपेस तेथे बसावयास निदान सांगण्याजोगे निमित्त तरी आहे.