पाणी अडवा, पाणी जिरवा – मोरीचेसुद्धा!

नगरहून हिवरे बाजार अवघे सतरा किलोमीटर. इतके जवळ की आपण नगरकर तिकडे कधी फिरकत नाही; बाहेरगावचे लोक मात्र गाड्या भरभरून येतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या वस्तीतील महिला मंडळाने मनावर घेतले आणि एका रविवारी भाकरी-चटणी बांधून, पोराबाळांसकट आम्ही अठरा जण दोन जीप करून निघालो.

हिवरे बाजारची हकीकत वाचकांनी ऐकली असेलच. अवर्षणाचा टापू, वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एके काळी माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गृहस्थ एम.कॉम., म्हणजे माझ्यासारखेच कॉमर्सचे! श्रमदान आणि सरकारी योजना यांची सांगड घालून गावाने डोंगराला चर खोदले, ओढ्यांवर बंधारे घातले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे ठरवले. विहिरींना पाणी आले आणि गेलेली कुटुंबे परत आली. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

मला कारकुनाला सर्वांत आवडला तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, पिण्याला किती लागेल, शेतीला किती उरेल, याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा आणि मगच पिके ठरवायची. जमेपेक्षा खर्च जास्त नको.

दुपारी झाडाखाली भाकरी सोडल्या तेव्हा आमच्यातील एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, पावसाच्या पाण्याचा हिशोब झाला. आमच्या मोरीच्या पाण्याचा कोन करणार?"

घास हातातच राहिला. मागच्या कोऱ्या पानावर हिशेब केला. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या घरात २७५ लिटर येते. त्यातले दोन-तृतीयांशाहून जास्त धुण्याभांड्यांतून आणि आंघोळीतून बाहेर पडते. म्हणजे रोज बारा-तेरा हंडे सांडपाणी. शंभर घरांचे बाराशे हंडे. जाते कुठे?

आमच्या गावात ते आमच्याच वस्तीत येते. गावठाण उंचावर, वस्ती उताराला. वरच्या आळ्यांची उघडी गटारे आमच्या घरांपुढून जातात. चिखल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, डास आणि पावसाळ्यात उंबऱ्याच्या आत पाणी. तक्रारी केल्या की गटार आणखी दहा फूट पुढे लांबते, एवढेच.

परतताना ठरले, सुरुवात आपल्या दारापासून करायची. पुढच्याच रविवारी विहारासमोर बैठक झाली. तिथे एक तरुण उभा राहिला. "घाणीत हात घालायचं काम पुन्हा आपणच करायचं का? बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायची बंद करायला सांगितली ती यासाठी?"

प्रश्न खरा होता. उत्तर मावशींनीच दिले. "त्यांनी दुसऱ्याची घाण काढू नको म्हणून सांगितलं, बाळा. आपल्या घरची आपण आवरायला लाज कसली? आपलं पाणी आपण जिरवलं, की वरच्यांना ताठ मानेनं सांगता येईल, तुमचं तुम्ही जिरवा."

पहिल्या महिन्यात अकरा शोषखड्डे झाले. कृती सोपी आहे. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्यावा. तळाला मोठे दगडगोटे, त्यावर विटांचे तुकडे, वर जाड वाळू. मधोमध बुडाला भोके पाडलेले मडके ठेवून त्यात नारळाच्या शेंड्या भराव्यात. मोरीचे पाणी मडक्यात सोडले की तेलकट गाळ शेंड्यांत अडकतो आणि पाणी खाली मुरते. शेंड्या दर पंधरवड्याला बदलाव्यात. विहीर किंवा हापसा किमान पन्नास फूट दूर असावा. संडासाचे पाणी यात कधीही सोडू नये.

अकरापैकी आठ खड्डे मुरमाड जमिनीत उत्तम चालले. तीन काळ्या मातीत तुंबले, कारण चिकण जमीन पाणी पीत नाही. तिथे पाणी अळू, कर्दळ आणि पपईकडे वळवले. ओला कचरा आता खताच्या खड्ड्यात जातो. प्लॅस्टिक वेगळ्या पोत्यात साठवून भंगारवाल्याला देतो.

संडासाबाबतही एक सांगतो. टाकी बांधण्याऐवजी शक्य तिथे दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. एक भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते. टाकी मात्र कधीतरी उपसावी लागते. माणसाला विनासाधन टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी गुदमरून मेल्याच्या बातम्या येतात. त्यात मरणारे कोणत्या समाजाचे असतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

मग आम्ही ग्रामसभेत गेलो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. तो कुठे खर्च झाला, एवढेच विचारले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारे हटवली, हेही सांगितले. थोडी बाचाबाची झाली. अखेर वरच्या आळीतील नऊ घरांनी खड्डे घ्यायचे कबूल केले. त्यांपैकी पाच झाले आहेत, चार बाकी आहेत. गटार अजून वाहते, पण त्यातले पाणी कमी झाले आहे. पुढच्या ग्रामसभेला आम्ही पुन्हा जाणार आहोत.

पावसाचा थेंब अडवायला या जिल्ह्याने महाराष्ट्राला शिकवले. आता मोरीचे पाणीही ज्याचे त्याने आपल्या दारात जिरवावे. एकाची घाण दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, हीसुद्धा समताच आहे. बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी कुदळ उचला, आणि ग्रामसभेची तारीख विचारून ठेवा.