सिॲटलमधला नाताळ

जेन केनियनने डोनाल्ड हॉलला दोघांच्या पहिल्या नाताळात एक भलंमोठं लाकडी घड्याळ दिलं होतं. दोघंही कवी. मिशिगन विद्यापीठात तो प्राध्यापक, ती विद्यार्थिनी आणि वयात १९ वर्षांचं अंतर. १९७२ साली लग्न झालं. त्याआधी दोघंही बरेच कचरले होते आणि त्याला कारण हे अंतरच. आधी तो जाणार आणि तिच्या वाट्याला लांबलचक वैधव्य येणार, हे दोघांनी मनाशी धरून ठेवलेलं होतं.

१९७५ साली हॉल न्यू हॅम्पशरमधल्या विल्मट गावी, ईगल पाँड फार्मवर राहायला आला. त्याच्या पणजोबांनी १८६५ साली घेतलेलं हे घर. विद्यापीठातली कायमची नोकरी सोडून केवळ लेखणीवर घर चालवायचं, हा आतबट्ट्याचाच व्यवहार म्हणायचा. पण तो निभावला. ‘ऑक्स-कार्ट मॅन’ या त्याच्या बालपुस्तकाला चित्रांसाठी १९८० सालचं कॅल्डेकॉट पदक मिळालं आणि त्याच्या मानधनातून घरात नवी न्हाणी झाली. दिवसाचा क्रम ठरलेला. सकाळी आपापल्या खोलीत लिहायचं, कुणी कुणाशी बोलायचं नाही. दुपारी टेबल टेनिसचा डाव, मग त्याने मोठ्याने हेन्री जेम्स वाचायचा आणि तिने ऐकायचा. नवरा-बायको एकमेकांच्या डोळ्यांत बघत जगत नाहीत; दोघं मिळून तिसऱ्याच कशाकडे तरी बघतात, असं हॉलने पुढे एका निबंधात लिहिलं. कधी तळं, कधी कविता, कधी टेबल टेनिसचा चेंडू. रविवारी दोघं साउथ डॅनबरीच्या छोट्या चर्चमध्ये जात.

आजारपणाला या घराचा पत्ता फार आधीपासून ठाऊक होता. जेनला नैराश्याचे दीर्घ झटके येत. त्यावर तिने उघडपणे लिहिलं. ‘ख्रिसमस अवे फ्रॉम होम’ नावाची तिची एक कविता आहे. त्यात ती एका आजारी बाईच्या सोबतीला कनेटिकटला गेली आहे. सण परक्या घरात आणि कुत्र्याला फिरवणं तेवढं नेहमीसारखं. १९८९ साली हॉलला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. १९९२ साली तो यकृतात पसरला, शस्त्रक्रिया झाली, केमो झाला. जेनने ‘अदरवाइज’ ही कविता लिहिली ती याच धास्तीत. मधल्या काळात, १९९१ मध्ये, दोघं भारतातही येऊन गेले. वाराणसीला गंगेत नावेतून जाताना जे दिसलं त्याने जेनची ख्रिस्ती श्रद्धा मुळापासून हलली. त्यावरच्या कवितेशी ती अखेरपर्यंत झगडत राहिली.

१९९३ साली बिल मॉयर्सने या जोडप्यावर ‘अ लाइफ टुगेदर’ हा माहितीपट केला. त्यात आजारी माणूस म्हणजे हॉल. आणि जानेवारी १९९४च्या अखेरीस निदान झालं जेनचं. ल्युकेमिया, तोही फिलाडेल्फिया गुणसूत्राचा, म्हणजे केमोने सहसा न आटपणारा. या गुणसूत्राच्या करामतीवर नेमका घाव घालणारी इमॅटिनिबची गोळी अमेरिकेत आली २००१ साली, तीही आधी दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियासाठी. १९९४ मध्ये हातात होतं ते फक्त अस्थिमज्जा प्रत्यारोपण.

त्यासाठी सिॲटल गाठावं लागलं. तिथल्या फ्रेड हचिन्सन केंद्रातच डोनल थॉमस यांनी ही उपचारपद्धती घडवली आणि १९९०चं नोबेल मिळवलं. १८ नोव्हेंबरला जेनच्या अंगात दुसऱ्याची मज्जा गेली. त्यानंतर साधारण १०० दिवस रुग्णाने केंद्राच्या आसपासच राहायचं, असा तिथला दंडक. नोव्हेंबरच्या मध्यापासून १०० दिवस मोजले की नाताळ त्यात सापडतोच.

हा नाताळ कसा असतो, ते प्रत्यारोपणाच्या नियमांवरूनच दिसतं. जुनी मज्जा मारून टाकलेली, नवी अजून रुजायची. साधी सर्दीही जिवावर बेतू शकते. म्हणून गर्दी नको, पाहुणे बेतानेच. खोलीत ताजी फुलं नकोत, मातीची कुंडी नको. म्हणजे नाताळाचं खरंखुरं झाडही उंबऱ्याबाहेरच. किरणोपचाराने तोंड आतून सोलवटलेलं असतं, तिथे मेजवानी कुठली? छातीतल्या नळीला पंप जोडणं, औषधं आणि तापमान लिहून ठेवणं हे जोडीदारालाच शिकावं लागतं. हॉलने ते सगळं केलं. ६६ वर्षांचा, स्वतः कर्करोगातून उठलेला कवी वर्षभर बायकोचा परिचारक होता.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की त्या वर्षी सण करत नाहीत. फराळ शेजाऱ्यांकडून येतो, दारात कंदील नसतो आणि त्याचा खुलासा कुणी मागत नाही. पण माणूस अंथरुणावर असेल तर? तेव्हा अशी सूट नाही. ‘यंदा साधंच करू’ म्हणत काहीतरी करावंच लागतं आणि ते साधंच करायला दुप्पट बळ लागतं. या जोडप्याला शांततेची बावीस वर्षांची सवय होती, ती इथे कामी आली असावी. न बोलता एका घरात असणं त्यांना नवीन नव्हतं.

फेब्रुवारीत दोघं ईगल पाँडला परतले. एप्रिलमध्ये कळलं, ल्युकेमिया उलटला आहे. उरलेल्या ११ दिवसांत त्यांनी तिच्या निवडक कवितांचा संग्रह लावला. औषधांनी जेनची बोटं बधिर झाली होती, लेखणी धरवत नव्हती. ‘द सिक वाइफ’ ही शेवटची, अपुरी कविता तिने सांगितली आणि त्याने उतरवून घेतली. २२ एप्रिल १९९५ रोजी ती आपल्याच पलंगावर गेली, ४७ वर्षांची.

हॉल तिला पत्रं लिहू लागला, कवितेतून. ती ‘विदाउट’ या १९९८च्या संग्रहात आहेत. त्यातल्या नाताळच्या पत्रात ते लाकडी घड्याळ येतं. ती गेली त्याच वर्षी ते बंद पडलं आणि दुरुस्त होऊन आलं ते पुढे पळतच. दुःखाच्या कवितेत बंद घड्याळ कुणीही घालील. घाईला आलेलं घड्याळ मला हॉलचं वाटतं.

तो ८९ वर्षं जगला, २००६ मध्ये अमेरिकेचा राजकवी झाला. २०१२ साली, वयाच्या ८४व्या वर्षी, त्याने ‘ख्रिसमस ॲट ईगल पाँड’ हे छोटंसं पुस्तक काढलं. १९४० सालची गोष्ट. बारा वर्षांचा डॉनी नाताळला आजोबांच्या शेतावर जातो. चर्चमधलं मुलांचं नाटक, गोठ्यात धारा काढताना आजोबांचं पद्य म्हणणं, सगळं बारकाव्यानिशी. आणि मग तो सांगून टाकतो, की यातलं काही घडलेलं नाही. लहानपणी तो शेतावर जायचा तो उन्हाळ्यात, नाताळ व्हायचा कनेटिकटमध्ये. मनासारखा सण रचायला बसलेल्या या म्हाताऱ्याला काहीही लिहिता आलं असतं. पण त्याने आईला हॉस्पिटलात ठेवलं. तिचं ऑपरेशन झालंय, म्हणून आईवडील कनेटिकटलाच आणि मुलगा आगगाडीत एकटा. परतायच्या वेळी हिमवादळ येतं, मोटारी अडतात. तेव्हा आजोबा कोठारातली, कोळिष्टकं धरलेली बर्फावरची जुनी घसरगाडी बाहेर काढतात, घोडा जुंपतात आणि नातवाला स्टेशनवर नेऊन सोडतात.