ऊस नसलेलं शिवार

आदर्श गाव बघायला निघालेली मंडळी बसमधून उतरता उतरताच विचारतात, "इथं बघायला काय काय आहे?" आमची मंडळीही तशीच. आमच्या पुण्यातल्या सोसायटीतली तीस-पस्तीस माणसं, बरीचशी निवृत्त, दिवाळी आटोपून हिवरे बाजारला निघाली ती सहलीच्या थाटात. शिरूर मागे पडेपर्यंत चिवड्याचे डबे तळाला गेले होते आणि अंताक्षरीत कुणाचं अक्षर आलं यावरून दोन गट पडले होते.

खरं सांगायचं तर हिवरे बाजारात बघण्यासारखं फारसं काही नाही. स्वच्छ रस्ते, नीटनेटकी घरं, शाळा, ग्रामपंचायत. शिवारात ज्वारी, कांदा, भाजीपाला. तीन बाजूंना डोंगर आणि त्यांवर त्या दिवसांत पिवळं पडत चाललेलं गवत. "एवढंच?" एक काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या. त्यांना बहुधा धबधबा अपेक्षित होता. सेल्फीसाठी जागा शोधणारे तर पार हिरमुसले.

डोंगराच्या उतारावर चढायला लागलो तेव्हा पाय अधूनमधून खोलगट जागी पडू लागले. हे सलग समतल चर. उताराला आडवे, एका पातळीत खणलेले. पावसाचं पाणी धावत सुटू नये, जागच्या जागी थबकून जमिनीत मुरावं म्हणून. खाली पाझर तलाव, नाल्यांवर बांध. पण चर खणणं हे सोपं काम. सरकारी योजनेतून चर अनेक गावांत खणले गेले आणि पुढच्या काही वर्षांत बुजलेही. हिवरे बाजारचं वेगळेपण चर खणून झाल्यावर सुरू होतं.

१९७२च्या दुष्काळानंतर या गावाची दैना झाली होती. डोंगर बोडके, हातभट्ट्या जोरात, हातपाय धडधाकट असलेली माणसं मुंबई-पुण्याच्या वाटेला. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. एम. कॉम. झालेला, क्रिकेटमध्ये रमणारा तरुण. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री ठरली. पाचातल्या तीन गोष्टी 'करू नका' सांगणाऱ्या आहेत, हे मला फार आवडलं. डोंगरावर जनावर सोडायचं नाही. गवत हवं तर विळ्यानं कापून न्यायचं. गवत वाढलं, गोठे भरले आणि दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं दूध काही वर्षांत चार हजार लिटरच्या घरात गेलं. मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं परत आली.

त्यानंतर गावानं आणखी कठीण गोष्ट केली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असं ठरवलं. ऊस आणि केळी लावायची नाहीत, असंही ठरवलं. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, जिथलं राजकारण, लग्नं आणि बंगले उसावर उभे राहिले, तिथल्या एका गावानं उसाला नको म्हणायचं, हे खायचं काम नव्हे. आमच्यातल्या एका काकांनी एका शेतकऱ्याला विचारलंच, "काय हो, विहिरीला पाणी दिसतंय, तर ऊस लावावासा वाटत नाही?"

"वाटतंय की," तो हसून म्हणाला. "वाटतंय म्हणून तर नियम केलाय."

मला वाटतं, स्वावलंबी गावांवर लिहिणारे आपण इथेच घसरतो. गावकऱ्यांना साधुसंत करून टाकतो. इथली माणसं साधुसंत नाहीत. त्यांना पैसे हवे आहेत, पोरांना शिकवायचं आहे, मोटारसायकल घ्यायची आहे. दूध आणि कांदा बाजारातच जातो. फक्त आपल्याला कशाचा मोह होणार आहे हे त्यांनी आधी ओळखलं आणि ग्रामसभेत सगळ्यांदेखत दारं लावून घेतली.

पावसाळा सरला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. किती मिलिमीटर पडला, विहिरींची पातळी काय, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात रब्बीला कोणती पिकं झेपतील. हे ऐकून आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका एकदम जागे झाले. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गावाचं क्षेत्र पावणेदहाशे हेक्टरच्या आसपास, म्हणजे एक मिलिमीटर पडला की शिवारावर जवळजवळ एक कोटी लिटर पाणी उतरलं! इथं वर्षाकाठी पडतो जेमतेम चारशे मिलिमीटर. काका वहीच्या पाठीमागे शून्यं मांडत राहिले.

परतीच्या बसमध्ये अंताक्षरी झालीच नाही. काकांनी मध्येच जाहीर केलं, "दहा हजार लिटर म्हणजे आपला एक टँकर!" आमच्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यांत टँकर हाच पाहुणा असतो, त्यामुळे हे परिमाण सगळ्यांना लगेच कळलं. सोसायटीची जागा अर्धा हेक्टर, पुण्याचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या वर. निदान साडेतीनशे टँकर दरवर्षी आभाळातून फुकट येऊन पडतात.

"आणि जातात कुठं?" काकूंनी विचारलं.

"गटारात. सगळीकडे पेव्हर ब्लॉक घातलेत ना आपण."

"आणि बोअर?"

"दुसरी घेतली की गेल्या वर्षी. पहिलीला पाणी नाही म्हणून."

"किती फूट?"

सोसायटीच्या सेक्रेटरींनी खिडकीबाहेर पाहत आकडा सांगितला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, तिसऱ्या बोअरचा विषय निघायच्या आत पुढच्या सर्वसाधारण सभेत हा हिशेब मांडू या.

"मांडा की," सेक्रेटरी म्हणाले. "मागच्या सभेला नऊ जण होते. कोरम भरला नाही म्हणून अर्धा तास तहकूब केली आणि त्याच नऊ जणांत उरकली. या बसमधले किती येणार, ते आत्ताच हात वर करून सांगा."