उजव्या आसनावरचा विनय

हिंगोलीला विमानतळ नाही. येथील माणसाची आकाशवाट नांदेडहून सुरू होते. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतील नांदेड–हैदराबाद सेवेचा प्रारंभ झाला आणि आकाश थोडे जवळ आले. हळदीच्या अडतीवर वाढलेला एखादा मुलगा आता वैमानिक होण्याचा हट्ट धरतो, तेव्हा वडील हसत नाहीत. प्रशिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडतात.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. पुढे प्रादेशिक सेवेतील एटीआर विमानात तो सहवैमानिक म्हणून उजव्या आसनावर बसतो. डावीकडे कॅप्टन, अनुभवाने वडीलधारे. खरी परीक्षा येथेच असते. पेढीवर काका बोलत असता मध्ये बोलू नये, हा त्याचा संस्कार; पण कॅप्टनची चूक दिसूनही तो गप्प राहिला, तर ते मौन सत्तरएक प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते. “सर, उंची कमी होते आहे,” असे त्याला स्पष्ट म्हणावेच लागते.

यात विनय कोठेही सुटत नाही. रोजमेळातील चूक वेळीच दाखविणारा मुनीम मालकाचा मानच राखतो. उड्डाणानंतर दोघे आपापल्या चुका उच्चारतात, तेव्हा त्याला घरातील सायंकाळचे प्रतिक्रमण आठवते. स्वतःची चूक कबूल करणे ही घरची शिदोरी; थोरांची चूक नम्रपणे दाखविणे मात्र त्याला नव्याने शिकावे लागते.

तो धडाही घरीच मिळू शकेल. मुलाने वडिलांचा आकडा दुरुस्त केला, तर वडिलांनी रागावू नये. वही पुन्हा तपासावी.